दूध कोणत्या भांड्यात तापवता?

लहान मुलांचा डॉक्टर आणि गुरांचा डॉक्टर यांच्यात एक साम्य आहे, असं आमचे एक सर गमतीनं म्हणायचे. दोघांचेही पेशंट बोलत नाहीत! मोठा माणूस दवाखान्यात येतो तेव्हा सांगतो, 'डॉक्टर, छातीत कळ येते, डाव्या हातात उतरते, जिना चढला की वाढते.' अर्धं काम तिथंच झालेलं असतं. सहा महिन्यांच्या बाळाला मात्र एकच भाषा येते, रडण्याची. भूक लागली तरी रडणं, कान दुखला तरी रडणं, आणि डोक्यावरचं झबलं काढताना राग आला तरी रडणंच. तीन वर्षांच्या मुलाला विचारा, 'बाळा, कुठे दुखतं?' ते हमखास पोटावर हात ठेवील.

म्हणून आमच्या शाखेत आजाराची हकीगत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. आई, आजी, कधी शेजारच्या काकू, कधी पाळणाघरातल्या मावशी. त्या काय सांगतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सांगण्यासारखं नाही असं समजून काय सांगायचं राहून जातं, यावर पुष्कळदा मुलाचं निदान अवलंबून असतं.

बहुतेक आजारांत कोडं वगैरे काही नसतं. ताप, सर्दी, खोकला, जुलाब. चार-पाच दिवसांत मूल पुन्हा अंगणात पळायला लागतं. पण अधूनमधून असं एखादं मूल येतं, की त्याच्याबरोबर जाडजूड फाइलही येते. ताप उतरत नाही, वजन वाढत नाही, किंवा बसायला लागलेलं मूल बसेनासं झालं आहे. दोन-तीन डॉक्टर झालेले असतात, रिपोर्ट सगळे 'नॉर्मल' असतात. मग वडील विचारतात, 'मॅडम, आता कुठली मोठी तपासणी राहिली?' पस्तीसहून अधिक वर्षांच्या अनुभवावरून मी सांगते, अशा वेळी तपासणी राहिलेली नसते असं नाही. पण बरेचदा राहिलेला असतो एखादा साधा प्रश्न. आज मला अशाच काही प्रश्नांविषयी बोलायचं आहे.

सुरुवात दुखण्यापासून करू. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण मुलांच्या दुखण्याला तंतोतंत लागू पडते. सहा-सात वर्षांचा मुलगा महिनाभर गुडघा दुखतो म्हणून लंगडतो. गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, तो स्वच्छ असतो. मग 'शाळेत जायचं नाही म्हणून नाटक करतो' असा शिक्का बसतो. अशा मुलाला पलंगावर झोपवून त्याचा पाय खुब्यापाशी फिरवून बघावा. तो अडखळला, मूल कळवळलं, तर दुखण्याचं मूळ खुब्यात आहे. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसा काही अंशी एकच असल्यामुळे खुबा बिघडला तरी मुलाला गुडघा दुखल्यासारखा वाटतो. त्याचप्रमाणे पोट दुखतं म्हणून आलेल्या तापकरी मुलाच्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया असू शकतो. तो श्वास किती भरभर घेतो आहे हे मोजलं, तर पोटाच्या सोनोग्राफीआधीच दिशा कळते.

आणखी एक पोटदुखी फार फसवी. आठ-नऊ वर्षांची मुलगी, उलट्या, पोटात दुखणं, धाप. बाहेरचं खाल्लं असेल म्हणून सलाइन लावायची तयारी होते. तेवढ्यात कुणीतरी आईला विचारायला हवं, 'रात्री पाणी प्यायला किती वेळा उठते? हल्ली पुन्हा अंथरूण ओलं करते का?' आई संकोचानं मान हलवते. एवढ्या मोठ्या मुलीचं हे चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून तिनं सांगितलेलं नसतं. बोटाच्या टोकाचा एक थेंब रक्त घेऊन साखर बघितली की मधुमेह समोर येतो. मुलांना मधुमेह होतो, आणि तो कधी कधी असा पोटदुखीचा वेष घेऊन येतो. निदानाला एक दिवस उशीर झाला तर मूल बेशुद्ध होऊ शकतं.

विचारण्याइतकंच बघणंही महत्त्वाचं. पावसाळ्याच्या अखेरीस, गवत वाढलेलं असताना, खेड्यातून येणाऱ्या तापाच्या मुलांचे सगळे कपडे उतरवून मी तपासते. नऊ-दहा दिवस ताप, मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइडची औषधं देऊनही उतार नाही, अशी मुलं येतात. काखेत, जांघेत, कानामागे किंवा चड्डीच्या नाडीखाली विडीचा चटका बसल्यासारखी एक काळी खपली सापडते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून मूल तक्रार करत नाही आणि आईलाही दिसलेली नसते. ही खूण 'स्क्रब टायफस'ची. गवता-झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक किड्याची अळी चावते आणि हा ताप येतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या आजारानं बळी घेतले तेव्हा त्याचं नाव घरोघरी पोचलं. गंमत अशी, की नेहमीच्या बऱ्याच प्रतिजैविकांना न जुमानणारा हा ताप डॉक्सिसायक्लिन नावाच्या जुन्या आणि स्वस्त औषधानं बहुधा दोन दिवसांत उतरतो. मात्र खपली प्रत्येक मुलात सापडतेच असं नाही. ती नाही म्हणून आजार नाही, असंही समजायचं नसतं.

आता तान्ह्या बाळांकडे येऊ. नऊ-दहा महिन्यांचं एक बाळ. गुटगुटीत म्हणता येईल असं वजन. पण रंग फिकट, केस विरळ आणि भुरे, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडलेली. सगळ्यांत वाईट म्हणजे ते हसत नाही. आई सांगते, 'आधी खुदकन हसायचं, बसायला लागलं होतं. दोन महिने झाले, कुणाकडे बघतसुद्धा नाही.' घरात दृष्ट काढून झालेली असते. कुणी मेंदूचा फोटो काढायला सांगितलेला असतो. काही बाळांचे हातपाय आणि जीभही थरथरत असते. शिकलेलं विसरणारं बाळ म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. कारण मेंदूचे काही असाध्य आजार असेच सुरू होतात.

अशा वेळी बाळाबद्दल विचारून झालं की मी आईकडे वळते. 'तुझ्या जेवणात काय असतं?' आई चमकते. आजारी बाळ आहे, माझ्या जेवणाचं काय? मग हळूहळू कळतं, की घर पूर्ण शाकाहारी आहे, तिला दूध आवडत नाही, आणि बाळंतपणात दही-ताक 'वातूळ' म्हणून बंद केलं होतं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. बाळ तर नुसतं अंगावर पितं आहे. इथं कोडं सुटायला लागतं. 'ब-१२' हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येतं. आईच्या शरीरातच त्याचा खडखडाट असेल तर तिच्या दुधात ते कुठून येणार? रक्ताच्या तपासणीनं खात्री करून इंजेक्शनं सुरू केली, की तीन-चार दिवसांत बाळाची नजर परत येते. ते आईच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. आमच्या व्यवसायातले जे मोजके निखळ आनंदाचे क्षण असतात त्यांतला हा एक. पण उशीर झाला तर बाळाच्या बुद्धीची काही हानी कायमची राहते, हेही सांगायला हवं. आणि यात दोष आईच्या दुधाचा नाही. अंगावरचं दूध तोडायचं नाही. आईला पुरेसं ब-१२ द्यायचं, आणि सहा महिन्यांनंतर बाळाला वरचा आहार सुरू करायचा.

आता ज्या प्रश्नाचं नाव या लेखाला दिलं आहे त्याकडे येते. दूध कोणत्या भांड्यात तापवता?

मी शिकत होते तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, मुलांच्या वॉर्डात एका आजाराची मुलं नेहमी असायची. वय बहुधा एक ते तीन वर्षं. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, स्वभाव अतिशय किरकिरा. पोटावर हात ठेवला की उजव्या बरगडीखाली यकृत लागायचं, टणक आणि कडेला धारदार. पुढे कावीळ व्हायची, पोटात पाणी साठायचं, आणि काही महिन्यांत मूल दगावायचं. यकृत सुकून निबर होणं, म्हणजे 'सिऱ्होसिस', हा मोठेपणी वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांचा आजार. तो दुधावरच्या मुलांना कसा होतो? कलकत्त्याला १८८७ मध्ये याची वैद्यकीय नोंद झाली होती. पुढे त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' असं नावही मिळालं. कारण मात्र जवळजवळ शंभर वर्षं कुणाला सापडलं नाही.

कोडं बुचकळ्यात टाकणारं होतं. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुलं या आजारानं जायची, म्हणून तो आनुवंशिक वाटायचा. पण अगदी गरीब घरांत तो फारसा दिसायचा नाही. दिसायचा तो खेड्यापाड्यांतल्या खाऊनपिऊन सुखी घरांत. काही जातींत जास्त, काहींत कमी. सगळे आजार गरिबांच्या मुळावर येतात, हा एकच असा का वागतो? शेंगदाण्याच्या बुरशीतल्या विषाचा संशय घेऊन झाला, विषाणूंचा घेऊन झाला, आयुर्वेदिक औषधांचा आणि आईच्या खाण्यापिण्याचाही घेऊन झाला.

धागा सापडला तो सुकलेल्या यकृताच्या तुकड्यांत. या मुलांच्या यकृतात तांब्याचं प्रमाण अफाट असल्याचं १९७९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. निरोगी माणसाच्या एक ग्रॅम कोरड्या यकृतात साधारण पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांत ते त्याच्या कितीतरी पट असायचं, कित्येकदा हजाराच्या घरात. एवढं तांबं एक-दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात गेलं कुठून?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मिळून हा माग पुढे काढला. त्यांनी जे केलं ते सांगायला सोपं आहे. आजारी मुलांच्या आयांना त्यांनी बाळाच्या दुधाची सगळी हकीगत विचारली. वरचं दूध कधी सुरू केलं? कोणत्या जनावराचं? तापवता कशात, साठवता कशात? आणि तशाच वयाच्या निरोगी मुलांच्या आयांनाही तेच विचारलं. उत्तरांत फरक पडला. आजारी मुलांना गाई-म्हशीचं वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं होतं. पहिला निष्कर्ष १९८३ मध्ये आणि तुलनेचा तपशील १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दारावर कल्हईवाला आला की आळीभर भांडी बाहेर निघायची. पण कळकणं हे आंबटाचं लक्षण मानलं गेलं. दुधाचा विचार कुणाच्या मनात आला नाही. प्रत्यक्षात दुधातलं केसिन हे प्रथिन भांड्यातलं तांबं ओढून घेतं आणि धरून ठेवतं. सकाळी तापवायचं, तसंच ठेवायचं, संध्याकाळी पुन्हा तापवायचं. प्रत्येक वेळी भर पडते. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाच्या यकृताला ते नीट जमत नाही, आणि जन्मतःच त्याच्याकडे तांब्याचा साठा थोडा जास्त असतो. त्यात दिवसभराचं अन्न म्हणजे फक्त दूध!

आता त्या विचित्र गोष्टींचा उलगडा बघा. गरीब घरातली आई बाळाला वर्ष-दोन वर्षं अंगावर पाजायची; वरच्या दुधाला पैसे नव्हते आणि पितळी पातेलंही नव्हतं. ज्या घरात गोठा होता, फळीवर लखलखीत भांडी मांडलेली होती, तिथं बाळाचं कौतुक म्हणून वरचं दूध लवकर सुरू व्हायचं. भावंडांना एकामागून एक आजार का? कारण घर तेच, चाल तीच, पातेलंही तेच. जे रक्तात असावं असं वाटत होतं त्यातलं बरंचसं फळीवर होतं.

बरंचसं म्हणते, सगळं नाही म्हणत. पितळी भांड्यातलं दूध पिणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार झाला नाही, म्हणजे काही मुलांची प्रकृती मुळातच तांब्याला नाजूक असावी. याला दुजोरा मिळाला तो थेट युरोपातून. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच आजारानं गेल्याचा शोध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथंही बाळांचं दूध तांब्याच्या भांड्यात तयार करायचे. ती भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. म्हणजे 'इंडियन' हे नावही तसं अन्यायाचंच होतं.

आपल्याकडेही तेच झालं. आजार लवकर ओळखला तर पेनिसिलामाईन हे शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध देऊन काही मुलं वाचवता आली. पण खरा उपाय सोपा होता. आयांना सांगितलं गेलं, बाळाला अंगावर पाजा आणि वरचं दूध पितळेत ठेवू नका. त्याच सुमारास घरोघरी स्टेनलेस स्टील आलं. नव्वदच्या दशकात हा आजार झपाट्यानं मागे हटला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी तो बहुधा पुस्तकातच वाचलेला असतो.

मग ही जुनी गोष्ट आज कशाला उकरायची? कारण पितळेची आणि तांब्याची भांडी पुन्हा घरात येऊ लागली आहेत. परंपरा म्हणून, शोभा म्हणून, आरोग्य म्हणून. मोठ्यांनी तांब्याच्या लोटीतलं पाणी प्यावं की नाही, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय नाही. पण तान्ह्या बाळाचं दूध किंवा पेज बिनकल्हईच्या पितळेत आणि तांब्यात शिजवू नका, ठेवू नका. एक पिढी मुलं गमावून शिकलेला हा धडा आहे.

असाच आणखी एक प्रश्न बिहारनं आपल्याला शिकवला. मुझफ्फरपूरला मे-जूनमध्ये, लिचीच्या हंगामात, खेड्यांतली मुलं अचानक आजारी पडायची. रात्री चांगलं झोपलेलं मूल पहाटे किंचाळून उठायचं, आकडी यायची, बेशुद्ध व्हायचं आणि कित्येकदा त्याच दिवशी जायचं. लोक 'मेंदूज्वर' म्हणायचे. विषाणू, डास, कीटकनाशकं, उन्हाळा, सगळ्यांवर संशय गेला. २०१४ च्या हंगामात भारताच्या आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रांतल्या तज्ज्ञांनी मिळून पाहणी केली. तिथल्या दोन रुग्णालयांत साडेसात आठवड्यांत ३९० मुलं दाखल झाली होती आणि १२२ दगावली होती. त्यांनीही आजारी आणि निरोगी मुलांच्या घरी विचारपूस केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दोन गोष्टी ठळक होत्या. आजारी मुलांनी लिची खाल्ली होती, आणि त्यांतली बरीचशी आदल्या रात्री जेवली नव्हती.

लिचीत, विशेषतः कच्च्या लिचीत, असे काही घटक असतात की जे उपाशीपोटी साखर तयार करण्याची शरीराची यंत्रणा बंद पाडतात. पोटभर जेवलेल्या, धडधाकट मुलाला याचा त्रास होत नाही. त्याच्या यकृतात साखरेचा साठा असतो. दिवसभर बागेत पडलेली फळं खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या कुपोषित मुलाच्या रक्तातली साखर पहाटे धोकादायक पातळीच्या खाली जाते. म्हणून पहिला सल्ला निघाला तो असा : मुलांना रात्री जेवू घालूनच झोपवा, आणि असं मूल आलं की आधी साखर तपासून ती ताबडतोब भरून काढा. तरीही २०१९ मध्ये तिथं पुन्हा शंभरावर मुलं गेली. उत्तर सापडणं आणि ते प्रत्येक झोपडीत पोचणं यांत अंतर असतं, ते असं.

कधी कधी सगळे प्रश्न विचारून झाले तरी उत्तर मिळत नाही, कारण ते अजून कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. टोकियोच्या एका रुग्णालयात १९६१ च्या जानेवारीत चार वर्षांचा एक मुलगा आला. न उतरणारा ताप, लाल डोळे, लाल फुटलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी जीभ, अंगावर पुरळ, मानेला गाठ, आणि पुढे बोटांची साल निघणं. डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी त्याच्या कागदावर 'निदान अज्ञात' असं लिहून त्याला घरी सोडलं. विसरले मात्र नाहीत. पुढच्या वर्षी तसंच दुसरं मूल आलं, मग तिसरं. प्रत्येकाची बारीक नोंद त्यांनी ठेवली आणि १९६७ मध्ये अशा ५० मुलांची हकीगत जपानी भाषेत प्रसिद्ध केली. तोच आज 'कावासाकी आजार' म्हणून जगभर ओळखला जातो. तो आपल्याकडेही होतो. उपचार झाले नाहीत तर सुमारे चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगवटे येऊ शकतात; आणि पहिल्या दहा दिवसांत योग्य औषध मिळालं तर हा धोका पुष्कळच कमी होतो. म्हणून पाच दिवसांवर टिकलेला ताप आणि लाल डोळे-ओठ ही जोडी दिसली, तर 'उष्णता झाली असेल' म्हणून थांबू नका.

या सगळ्यात पालकांनी काय करावं? पहिली गोष्ट, दवाखान्यात येताना तारखांची एक वही आणा. ताप कधी आला, किती होता, दिवसात किती वेळा, कोणतं औषध दिलं. 'खूप ताप होता' यापेक्षा 'मंगळवारी रात्री १०३' हे आम्हाला शंभरपट उपयोगी. आधीचे कागद तारखेप्रमाणे लावा. आकडी आली किंवा मूल काही विचित्र हालचाल करू लागलं, तर मुलाला कुशीवर वळवा, एकानं त्याला सांभाळा आणि दुसऱ्यानं मोबाइलवर चित्रण करा. अर्ध्या मिनिटाचं ते चित्रण कधी कधी मोठ्या तपासणीइतकं बोलकं ठरतं.

दिवसभर मुलाजवळ जे माणूस असतं त्याला बरोबर आणा, मग ती आजी असो की सांभाळणाऱ्या मावशी. आणि लपवू नका. भस्म दिलं, गुटी दिली, डोळ्यांत सुरमा घातला, मांत्रिकाकडे नेलं, तर तसं सांगा. काही सुरम्यांत आणि भस्मांत शिसं असू शकतं. आधीचं एखादं मूल अर्भकावस्थेत गेलं असेल, तुमचं लग्न मामा-आत्याच्या नात्यात झालेलं असेल, तर तेही सांगा. त्या माहितीनं शोधाची दिशाच बदलू शकते. डॉक्टर रागावतील ही भीती मनातून काढा. रागावले तर रागावले, मूल महत्त्वाचं.

काही लक्षणांना मात्र वाट बघायची नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा कुठलाही ताप, पिणं सोडणं, गुंगी, धाप, सात-आठ तासांत लघवी न होणं, आकडी, सकाळी उठल्याबरोबर डोकेदुखी आणि उलटी, आणि शिकलेली गोष्ट विसरणं. यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, 'मला अजून नक्की कळलेलं नाही,' तर लगेच फाइल उचलून दुसरीकडे धावू नका. आधी विचारा, 'मग आता कशावर लक्ष ठेवायचं? पुन्हा कधी यायचं? कुणाला दाखवायला हवं का?' ज्यांच्याकडे या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत, ते तुमच्या मुलाचा शोध सोडून बसलेले नाहीत.

माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही मी हेच सांगते. दारात पन्नास पेशंट असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण कोड्यात टाकणाऱ्या मुलासाठी शेवटी अर्धा तास राखून ठेवावा आणि हकीगत पुन्हा पहिल्यापासून ऐकावी. त्या अर्ध्या तासाचं बिल कुठल्याही यंत्राच्या बिलापेक्षा कमीच येतं. आणि पालकांनो, आम्ही तुमच्या घरातली भांडी, जेवण, गोठा, विहीर, नात्यागोत्याची लग्नं यांची चौकशी करायला लागलो, तर डॉक्टरांना नसत्या पंचायती कशाला, असं म्हणू नका. सावकाश आठवून सगळं सांगा. क्षुल्लक वाटतं तेही सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)